बसतं ते जुळतंच असं नाही

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरमधली रविवारची दुपार. माझी धाकटी मुलगी मुळशीच्या बाजूचा एक डोंगर सायकलवरून उतरून घरी आली, हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "बाबा, हे काय झालंय बघा जरा." सीटखालच्या नळीवर, मागच्या अंगाला, तीन बोटं रुंद काळा पट्टा उमटला होता. मी बोट फिरवलं, बोट काळं झालं. टायरचं रबर होतं ते. "एका मोठ्या दगडावरून उडी घेतली तेव्हा मागून खर्रकन आवाज आला. चाक क्षणभर अडल्यासारखं वाटलं," ती सहज सांगत होती. तिला त्याची गंमत वाटली होती. मला मात्र घाम फुटला. कारण ही सायकल कुठल्या कारखान्यात जोडलेली नव्हती. तिचा एकेक भाग मी स्वतः निवडला होता, मागवला होता आणि घरच्या गॅलरीत बसून जोडला होता.

मी नवशिका असतो तर गोष्ट वेगळी. पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यातल्या टूलरूममध्ये माझी ३१ वर्षं गेली. व्हर्निअर आणि मायक्रोमीटर हे रोजचे सोबती. मी निवृत्त झालो त्याच सुमारास मुलीला डोंगरातल्या सायकल शर्यतींचं वेड लागलं. तिची उंची पाच फूट दोन इंच. त्या उंचीला साजेशी फुल सस्पेन्शन सायकल आमच्या आवाक्यातल्या किमतीत मिळेना. तेव्हा एका ओळखीच्यांकडून वापरलेली नुसती फ्रेम घेतली आणि म्हटलं, बाकीचं आपण जमवू, त्यात काय एवढं? त्यात नेमकं काय एवढं असतं, तेच आज सांगणार आहे.

ज्यांनी अशी सायकल जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. आपल्या साध्या सायकलची फ्रेम अखंड असते. फुल सस्पेन्शन सायकलच्या फ्रेमचे दोन भाग असतात. पुढचा त्रिकोण आणि मागे चाक धरणारा, बिजागरीवर हलणारा भाग. या दोहोंच्या मध्ये एक शॉक असतो, आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यातही, म्हणजे फोर्कमध्येही, तशीच सोय असते. खड्डा आला, दगड आला की दोन्ही चाकं वर-खाली होतात आणि टायर जमीन सोडत नाही. आरामासाठी हे आहे असं पुष्कळांना वाटतं. खरं तर ते आहे ताब्यासाठी. टायर जमिनीला टेकलेला असेल तरच ब्रेक लागतो आणि सायकल वळते.

आता प्रश्न असा की, सायकलसारख्या साध्या यंत्राचे भाग एकमेकांना न जुळण्याचं कारण काय? त्याचं मूळ या सायकलच्या जन्मातच आहे. अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरिन काउंटीत, १९७०च्या दशकात काही तरुण मंडळी जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर चढवून तिथून भन्नाट वेगानं खाली यायची. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी तिथल्या एका उतारावर पहिली शर्यत घेतली. उताराचं नाव पडलं 'रीपॅक'. कारण पॅडल उलटं फिरवून लागणारे त्या सायकलींचे ब्रेक इतके तापायचे की हबमधलं ग्रीस जळून जायचं, आणि दर फेरीनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्या मंडळींनी मोटारसायकलच्या ब्रेकचे दांडे लावले, दुसऱ्या सायकलींचे गिअर लावले, हाताला येईल ते जोडलं. १९७७मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी फ्रेम घडवली. १९८९मध्ये रॉकशॉक्स कंपनी निघाली आणि सस्पेन्शनचे फोर्क बाजारात रुळले. म्हणजे ही सायकल एका आराखड्यातून जन्मली नाही, ती जोडाजोडीतून वाढली. पुढे प्रत्येक कंपनीनं आपापली सुधारणा केली, आणि प्रत्येक सुधारणेबरोबर एक नवं माप आलं. जुनी मापं मात्र बाजारातून गेली नाहीत.

म्हणून पहिला धडा असा की नावावर जाऊ नका, माप विचारा. एक गंमत सांगतो. माझ्या वडिलांची काळी सायकल २८ इंची चाकांची होती. मुलीच्या सायकलची चाकं २९ इंची. कोणाची रिम मोठी? तुम्ही म्हणाल २९ची. तसं नाही. टायरची कड रिममध्ये जिथे बसते तिथला व्यास वडिलांच्या सायकलचा ६३५ मिलिमीटर, आणि मुलीच्या सायकलचा ६२२. इंचांचा आकडा हा साधारण फुगवलेल्या टायरच्या बाहेरच्या व्यासाचा असतो. २९ इंचीचा टायर जाड, म्हणून बाहेरून तो मोठा दिसतो. डोंगरी सायकलच्या २६ इंची चाकाची रिम ५५९, साडेसत्तावीस इंचीची ५८४. आणि टायरवर '२६ × १ ३/८' लिहिलेलं असेल तर त्याची रिम निघते ५९०. दोन्ही २६, आणि फरक ३१ मिलिमीटरचा! हा खरा आकडा टायरच्या बाजूवर लिहिलेला असतो. '६१-६२२' असं दिसलं तर ६१ ही रुंदी आणि ६२२ हा रिमचा व्यास. दुकानात जाताना हे दोन आकडे कागदावर लिहून न्यावेत.

चाकानंतर हब. मागच्या हबची रुंदी बरीच वर्षं १३५ मिलिमीटर होती. मग जाड, आरपार जाणारा १२ मिलिमीटरचा एक्सल आला आणि ती १४२ झाली. २०१४च्या सुमारास १४८चं माप आलं, त्याला 'बूस्ट' म्हणतात. पुढचा हब तसाच १०० वरून ११० वर गेला. हे उगाच केलेलं नव्हतं. २९ इंची मोठ्या चाकाचे आरे जितके फाकून उभे राहतील तितकं चाक आडव्या ताणाला घट्ट राहतं. पण मला एक चांगली, जवळजवळ नवी चाकांची जोडी स्वस्तात मिळत होती. मागचा हब १४२चा आणि फ्रेम १४८ची. विकणारा म्हणाला, दोन्हीकडे तीन-तीन मिलिमीटरच्या चकत्या टाका, बसेल. बसलंही असतं. पण मग ब्रेकची तबकडी कॅलिपरच्या मध्यावर येत नाही, म्हणून तिलाही चकती लागते. गिअरची चाकं तीन मिलिमीटर आत राहतात, म्हणजे साखळीची रेषा बिघडते. एक चकती टाकली की तिच्यामागून चार चकत्या येतात. ती जोडी मी घेतली नाही. तेवढं शहाणपण होतं.

पॅडलच्या दांड्यांचा, म्हणजे क्रँकचा, जो एक्सल फ्रेममधून आरपार जातो, त्याच्या बेअरिंगला बॉटम ब्रॅकेट म्हणतात. जुन्या सायकलीत तिथे छर्रे आणि कटोऱ्या असायच्या. हा भाग दोन घरांमधल्या मध्यस्थासारखा असतो. बाहेरून त्याला फ्रेमशी जमवून घ्यायचं आणि आतून क्रँकशी. माझ्या फ्रेमचं घर ७३ मिलिमीटर रुंद, आट्यांचं. काही फ्रेममध्ये आटे नसतातच, बेअरिंग दाबून बसवतात. आतल्या बाजूला शिमानोचा एक्सल २४ मिलिमीटरचा, स्रॅमचा २०१८पासूनचा २८.९९चा आणि आणखी काही कंपन्यांचा ३०चा. तेव्हा आधी फ्रेम पाहायची, मग क्रँक ठरवायचा आणि त्यानंतरच बॉटम ब्रॅकेट घ्यायचा. आणि घरी बसवणार असाल तर लक्षात ठेवा, या प्रकारच्या आट्यांत साखळीच्या बाजूचा आटा उलटा असतो. सवयीनं सुलटा पाना मारला तर फ्रेमचा आटा जातो. ते नुकसान सहजी भरून येत नाही.

गिअरच्या बाबतीत मी एकच सांगेन, कुटुंब फोडू नका. हँडलवरचा खटका एकदा दाबला की केबल ठरावीक मिलिमीटर ओढली जाते, आणि तेवढ्या ओढीला मागचा डिरेलर ठरावीक सरकतो. हे गणित कंपनीगणिक आणि गिअरच्या संख्येगणिक वेगळं असतं. एकाचा खटका आणि दुसऱ्याचा डिरेलर लावला तर पहिले दोन-तीन गिअर पडतात आणि मग भलत्याच दात्यांवर साखळी चढते. मागच्या चाकात दातेरी चकत्यांचा संच ज्या खाचांच्या नळीवर बसतो, तीसुद्धा तीन मुख्य प्रकारांची. शिमानोची जुनी एचजी, स्रॅमची २०१२मधली एक्सडी आणि शिमानोची २०१८मधली मायक्रो स्प्लाइन. संच विकत घेताना हबवर यांपैकी काय आहे हे माहीत हवं. नाहीतर संच हातात आणि हब चाकात, अशी अवस्था होते.

पुढचा फोर्क निवडताना मोह होतो तो जास्त ट्रॅव्हलचा. ट्रॅव्हल म्हणजे चाक जास्तीत जास्त किती वर-खाली होईल ते अंतर. १४०चा बसत असेल तर १६०चा का नको? कारण फोर्क लांब झाला की सायकलचं नाक वर उठतं. साधारण २० मिलिमीटरनं हँडलच्या नळीचा कोन एका अंशानं कलतो, पॅडल जमिनीपासून वर जातं आणि चढावर पुढचं चाक भरकटायला लागतं. शिवाय लांब फोर्कचा ताण फ्रेमच्या डोक्यावर येतो. फ्रेम बनवणाऱ्यानं जी कमाल मर्यादा दिली असेल ती पाळावी. फोर्कची वरची नळी कापण्यापूर्वी सगळ्या चकत्या आणि हँडलचा स्टेम रचून पाहावा, कारण कापलेली नळी पुन्हा वाढत नाही.

लहानसहान वाटणाऱ्या दोन गोष्टी. सीटची दांडी ३०.९, ३१.६ किंवा ३४.९ मिलिमीटरची असते. ३१.६च्या नळीत ३०.९ची दांडी आरामात जाते, आणि तशीच आरामात फिरतेही. डोंगर उतरताना सीट बटणानं खाली जाणारी दांडी हवी असेल तर ती नळीत किती खोल जाईल तेही मोजावं. फुल सस्पेन्शनच्या फ्रेममध्ये त्या नळीच्या पोटात अनेकदा शॉकची बिजागरी असते आणि दांडी तिथेच अडते. दुसरी गोष्ट ब्रेकचं तेल. काही ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात, काही मोटारीत असतं तशा डॉट फ्लुइडवर. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतली रबरी सीलं खराब होतात, आणि हे कळतं ते उतारावर. ब्रेकवर जे लिहिलं असेल तेच घालावं. यात अंदाजाला जागा नाही.

आता शॉक. खरं म्हणजे फ्रेमनंतर सगळ्यांत आधी ठरवायचा तो हाच. पण शेवटी सांगतो आहे, कारण माझी चूक इथेच झाली.

शॉकवर दोन आकडे लिहिलेले असतात. पहिला, दोन्ही टोकांच्या भोकांमधलं अंतर. दुसरा, तो जास्तीत जास्त किती दबतो, म्हणजे स्ट्रोक. २०१६पासून बरेचसे शॉक मिलिमीटरच्या ठरावीक मापांत मिळतात. २१० × ५०, २१० × ५५, २३० × ६५ अशी ती मापं. माझ्या फ्रेमला २१० × ५० हवा होता. मिळत होता २१० × ५५, उत्तम स्थितीतला आणि किमतीत बसणारा. मी भोकांमधलं अंतर मोजलं, २१० बरोबर. बोल्टची जाडी बरोबर, बुशची रुंदी बरोबर. शॉक असा बसला की जणू त्याच फ्रेमसाठी केला होता. राहिले पाच मिलिमीटर. मी मनाशी म्हटलं, पाच मिलिमीटर जास्त दबला तर दबू दे, पोरीला तेवढाच आराम.

टूलरूममध्ये भोक तपासायला आम्ही दोन तोंडांचं गेज वापरायचो. एक 'गो', दुसरं 'नो गो'. गो बाजू भोकात गेली पाहिजे आणि नो गो बाजू जाता कामा नये. दोन्ही झालं तरच माल पास. नुसती गो बाजू आत गेली म्हणून कोणी माल पास केला असता तर मी त्याला उभं केलं असतं. आणि घरी, स्वतःच्या मुलीच्या सायकलवर, मी नुसती गो बाजू लावून मोकळा झालो होतो.

गणित अगदी सोपं आहे. त्या फ्रेमचं मागचं चाक १३० मिलिमीटर वर यावं असा आराखडा होता. शॉकचा स्ट्रोक ५०. म्हणजे शॉक एक मिलिमीटर दबला की चाक सरासरी २.६ मिलिमीटर वर येतं. तरफेचा नियम, शाळेत शिकलेला. मग शॉक पाच मिलिमीटर जास्त दबला तर चाक १३ मिलिमीटर जास्त वर येणार. टायर आणि सीटची नळी यांच्यात तेवढी जागा नव्हतीच. सपाट रस्त्यावर, छोट्या दगडांवर हे कधी कळलं नसतं. शॉक पूर्ण दबतो तो मोठ्या उडीला, म्हणजे नेमका जेव्हा वेग सगळ्यांत जास्त आणि सावरायला वेळ सगळ्यांत कमी असतो तेव्हा. त्या दिवशी टायर नुसता घासून सुटला. सुटला नसता तर काय झालं असतं, ते मी सांगत बसत नाही.

तिनं ती सायकल त्यानंतर तीन आठवडे चालवली नाही. मी शॉक काढला. ज्यांना त्यातलं कळतं अशा मेकॅनिककडून त्याच्या आत पाच मिलिमीटरचा स्पेसर बसवून स्ट्रोक ५० करून घेतला. काही शॉकमध्ये ही सोय असते, सुदैवानं या शॉकमध्ये होती. आणि मग जी तपासणी पहिल्या दिवशी करायला हवी होती ती केली. ती कोणालाही घरी करता येते, म्हणून सांगतो.

शॉकमधली हवा हळूहळू सोडायची आणि सायकल हातानं सावकाश पूर्ण खाली दाबायची. दुसऱ्यानं बॅटरी घेऊन बघायचं. मागचा टायर कुठे टेकतो का? सीट खाली घेतली असताना टायर सीटला लागतो का? उंची कमी आणि चाक २९ इंची असेल तर हे हमखास बघावं. बिजागरीची कडी फ्रेमला आपटते का? ब्रेकची नळी आणि गिअरची केबल ताणली जाते का? आणि साखळी. ही गोष्ट साध्या सायकलवाल्यांना ठाऊक नसते. बहुतेक फुल सस्पेन्शन सायकलींत मागचं चाक वर येताना पॅडलच्या एक्सलपासून थोडं लांब जातं. साखळी उभ्या सायकलवर मोजून कापली, तर मोठ्या खड्ड्यात ती कमी पडते आणि डिरेलर मोडून निघतो. म्हणून पुढची आणि मागची सगळ्यांत मोठी दातेरी चकती धरून, सायकल दाबलेल्या अवस्थेत साखळीची लांबी ठरवायची.

यानंतर पुन्हा हवा भरायची, ती चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे. मुलीचं वजन ५८ किलो. बूट, हेल्मेट, पाणी धरून ६२. ती सगळ्या सरंजामासह सायकलवर नुसती बसली की शॉक त्याच्या स्ट्रोकच्या २५ ते ३० टक्के दबला पाहिजे. ५० मिलिमीटरच्या स्ट्रोकला साडेबारा ते पंधरा. शॉकच्या दांडीवर एक रबरी कडी असते, ती किती सरकली ते पट्टीनं मोजता येतं. माझ्या वजनाला लावलेली हवा तिच्या कामाची नाही. सायकल तिची आहे, माझी नाही, हेही मला त्या पट्टीनंच शिकवलं.

लग्नाची पत्रिका बघतात तशी भागांची पत्रिका बघावी, असं माझे एक मित्र थट्टेनं म्हणतात. त्यात एवढंच जोडेन की इथे छत्तीसपैकी अठरा गुण जुळले म्हणून भागत नाही. जो एक गुण जुळत नाही तोच वाट अडवतो. म्हणून जोडणीला हात घालण्याआधी एक वही करावी. पहिल्या पानावर सायकल कोण चालवणार, वजन किती, उंची किती आणि कुठल्या वाटेनं जाणार ते लिहावं. दुसऱ्या पानावर फ्रेम बनवणाऱ्यानं दिलेली सगळी मापं आणि मर्यादा. फ्रेमचा हा तक्ता मिळत नसेल तर ती फ्रेम कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. त्यानंतर प्रत्येक भागासमोर दोन रकाने. एकात 'बसतो का', दुसऱ्यात 'पूर्ण जोर आल्यावर काय होतं'. दुसरा रकाना भरल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

माझी वही आता अर्धी भरली आहे. त्या डिसेंबरनंतर मुलगी दर महिन्याला शॉकची ती रबरी कडी बघते आणि मला आकडा सांगते. मी विचारलेला नसतो. सीटच्या नळीवरचा काळा पट्टा रॉकेलच्या बोळ्यानं एका मिनिटात निघेल. तो तसाच राहू द्या, असं तिनंच मला सांगितलं आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)